चहा संपायच्या आत कॅन्सस

आमच्या, म्हणजे सिंगापुरातल्या मराठी कुटुंबांच्या प्रश्नमंजूषेचा एक नियम आहे. तो आधी सांगते, नाहीतर पुढची धावपळ वेडेपणाची वाटेल. दिलेल्या उत्तराला कुणाला हरकत घ्यायची असेल, तर त्यानं छापील पुस्तक आणायचं, पान उघडून टेबलावर ठेवायचं, आणि हे सगळं चहा संपायच्या आत. फोन चालत नाही. २०१२ साली हरिश्चंद्रगडाच्या उंचीवरून तीन फोनांत तीन आकडे निघाले आणि दोन कुटुंबं वर्षभर एकमेकांकडे तोंड फिरवून बसली. तेव्हापासून हा कायदा.

दुसरा नियम बक्षिसाचा. कप नाही, ढाल नाही. जिंकलेली जोडी पुढच्या वर्षीचे प्रश्न काढते. जोडी म्हणजे एक पालक आणि एक मूल. गेल्या वर्षी प्रबोध आणि त्याचा मुलगा जिंकले, म्हणून यंदा माईकपाशी प्रबोध. त्याच्या आधी स्मिता आणि तिची जाई. त्याच्या आधी पुन्हा प्रबोध. सहा वर्षं मी हे बघत होते. किल्ल्यांवर प्रश्न, घराण्यांवर प्रश्न, गवयांच्या गुरूंवर प्रश्न, पुण्यातल्या पेठांवर तर विचारू नका. बाबासाहेबांवर एकच, दरवर्षी तोच, राज्यघटनेचा. तो आला की अख्खा हॉल मान वळवून आमच्या टेबलाकडे बघतो, जणू ते उत्तर आमच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. आम्ही बौद्ध आहोत, हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं.

तर मला जिंकायचं होतं. टाळ्यांसाठी नाही. मला एकदा प्रश्न काढायचे होते.

२०१५चा ऑगस्ट. सिंगापूर नुकतंच पन्नास वर्षांचं झालं होतं, ब्लॉकच्या कठड्यांवर अजून झेंडे लटकत होते आणि प्रत्येक बसस्टॉपवर म्हाताऱ्या माणसांचे हसरे फोटो, खाली पायोनियर म्हणून आभार. प्रबोधनं तोच विषय उचलला: पायोनियर, वाट पाडणारे. ईस्ट कोस्टला प्रबोधच्या सोसायटीतल्या, म्हणजे कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये चाळीसेक माणसं, काचेबाहेर स्विमिंग पूल, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर प्रबोधच्या बायकोनं, नीतानं, आल्याचा चहा भरून ठेवलेला तो मोठा स्टीलचा थर्मास. खाली तोटीवाला. नीता या कार्यक्रमात कधी बोलत नाही. थर्मास आणते, भरते, घासते, घेऊन जाते.

अंतिम फेरीत आम्ही चौघी उरलो. मी आणि माझी एकता, वय अकरा. समोर स्मिता आणि जाई. गुण समान. शेवटचा प्रश्न.

प्रबोधनं कार्ड वाचलं. "अमेरिकेत १८६२च्या कायद्यानं पश्चिमेकडच्या माळावर जमीन फुकट मिळायची. तिथं जाऊन वसलेले शेतकरी सगळे गोरे होते. बरोबर की चूक?"

त्याचा आवाज पुरता थांबायच्या आत एकतानं घंटा हाणली. इतकी जोरात, की ती टेबलावरून खाली पडून घरंगळत गेली. "चूक."

प्रबोध हळहळला. खरंच हळहळला, तसा तो चांगला माणूस आहे. म्हणाला, उत्तर 'बरोबर' असं आहे, कारण काळे लोक दक्षिणेत कापसाच्या मळ्यांत होते, पश्चिमेला जायची त्यांना मुभा कुठली. जाईला गुण. स्मितानं जाईला मिठी मारली. टाळ्या सुरू झाल्या.

एकता माझ्याकडे बघत राहिली. रडत नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आई, आय रेड इट. आय रेड द होल बुक."

तिनं वाचलं होतं हे मला माहीत होतं. जूनच्या सुट्टीत मी भाकऱ्या थापत होते आणि ही ओट्याला टेकून मोठ्यानं वाचत होती. कॅन्सस नावाचं राज्य, निकोडेमस नावाची वस्ती, सगळी काळ्या माणसांची. कालपर्यंत गुलाम असलेले लोक केंटकीहून शेकडो मैल तुडवत आले आणि उघड्या माळावर जमिनीत बिळं खणून राहिले. मी तवा तसाच ठेवून ऐकत बसले होते. भाकरी करपली होती.

मी उठले आणि म्हणाले, "हरकत."

टाळ्या थांबल्या. स्मिता हसून म्हणाली, "नंदा, अगं क्विझ आहे, मोर्चा नाही. तुला सगळीकडे अन्यायच कसा दिसतो गं?"

"जिथं असतो तिथं दिसतो," मी म्हणाले. "पुस्तक आणते."

प्रबोधनं घड्याळ न बघता थर्मासकडे बघितलं. नियमच तसा. मी नवऱ्याला, नरेशला, बाजूला घेतलं. नरेश इथं विद्यापीठात पाण्याच्या गाळण्यांवर संशोधन करतो, आणि माणसांतून स्वतःला गाळून वेगळा ठेवतो. दर कार्यक्रमाला मागच्या रांगेत दाराजवळ बसतो. त्याचं एक कारण शिरीष. शिरीष भोकरदनचा, म्हणजे आमच्याच तालुक्याचा, आणि भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: जालन्याकडचे म्हणता, पण जालन्यात कुठं? नरेश सहा वर्षं हवापाण्यावर बोलून वेळ मारून नेत होता.

"जाऊ दे ना नंदा," तो म्हणाला. "एका गुणासाठी कशाला."

"तुम्ही फक्त एक करा. चहा संपू देऊ नका."

"मी कसा थांबवणार? लोकांचे कप धरू?"

"धरा," मी म्हणाले, आणि एकताचा हात पकडून धावत सुटले.

टॅक्सी लगेच मिळाली. चालवणारे काका सत्तरीचे, डॅशबोर्डवर लहानसा बुद्ध. मी सेंगकांग म्हणाले, आमचं घर तिथं. डोक्यात हिशेब चालू होता: वीस मिनिटं जायला, दोन वर, वीस यायला. थर्मास कधी पाऊण तासाच्या वर टिकला नव्हता. जमेल. जमलंच पाहिजे. गाडी एक्सप्रेसवेला लागली आणि एकता बारीक आवाजात म्हणाली, "आई, बुक इज नॉट ॲट होम."

"म्हणजे?"

"काल रिटर्न केलं. बिशानला, स्विमिंगच्या आधी. तूच सांगितलंस."

मीच सांगितलं होतं. पुस्तकाची मुदत बुधवारपर्यंत होती. चार दिवस शिल्लक होते. पण मी शनिवारी सकाळी ओरडले, टाकून ये आधी, दुसऱ्याची वस्तू घरात राहायला नको. का, तर आमच्याकडे कुणी बोट दाखवायला नको. हा आमचा रोग. भाडं दोन दिवस आधी, शाळेची फी आठवडाभर आधी, कुणाकडून डबा आला तर तो घासून, पुसून, वर काहीतरी घालून त्याच दिवशी परत. कुणी एक शब्द बोलायला जागा ठेवायची नाही. आणि त्या नादात जे चार दिवस आपल्या हक्काचे होते ते मी स्वतःच्या हातानं देऊन बसले.

"अंकल, बिशान. लायब्ररी. प्लीज."

काकांनी आरशातून बघितलं. कशासाठी एवढी घाई, असं विचारलं. एकतानं तिच्या इंग्रजीत भराभर सांगितलं, पायोनियर, ब्लॅक पीपल, कॅन्सस, चहा. मग खिशातून पाकीट काढून, डोळे रस्त्यावर ठेवूनच, काकांनी एक कार्ड मागे दाखवलं. त्यांचं पायोनियर कार्ड. सरकारनं म्हाताऱ्यांना दिलेलं.

"आय ऑल्सो पायोनियर," ते म्हणाले. "फिफ्टी इयर्स नोबडी आस्क मी एनीथिंग. नाऊ गिव्ह कार्ड." आणि त्यांनी जी गाडी पळवली, मला पट्टा घट्ट धरावा लागला.

बिशानच्या लायब्ररीला बाहेरून रंगीत काचेची खोकी चिकटवलेली आहेत, आत मुलं पाय दुमडून वाचत बसतात. काका म्हणाले, मी टॉयलेटला जाऊन येतो, तेवढ्यात या. आम्ही आत घुसलो. परत आलेल्या पुस्तकांच्या फळीवर नव्हतं. ट्रॉलीवर नव्हतं. काउंटरच्या बाईंनी बघून सांगितलं, आहे, फळीवर लागलंय.

एकतानं माझी वाट बघितलीच नाही. नऊशे अठ्ठ्याहत्तर, नऊशे अठ्ठ्याहत्तर असा फळीचा नंबर पुटपुटत ती जिन्यानं दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. अमेरिकेच्या पश्चिमेवरची जाडजूड पुस्तकं, पाठीवर घोडे, टोप्या, पिस्तुलं, सगळे गोरे. त्यांच्या मध्ये दाबलेलं बोटभर जाडीचं ते पुस्तक. तिनं ते दोन बोटांनी ओढून काढलं, चिमटीत पकडून काटा काढावा तसं.

"गॉट," ती म्हणाली. तो एक शब्द अजून माझ्या कानात आहे.

लायब्ररीचं कार्ड कालपासून माझ्या पर्समध्येच पडून होतं. मशीननं पावती काढली. आम्ही खाली आलो तर काका गाडी सुरू ठेवून बसलेले.

परतीच्या वाटेवर मी पान शोधत होते. एकता खांद्यावरून वाचत होती. पहिला हिवाळा. लाकूड नाही, धान्य नाही, घर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, वर फांद्या आणि माती. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तिथल्या मूळ आदिवासी लोकांनी मांस दिलं, म्हणून माणसं तगली. कायदा असा की एकशे साठ एकरांवर पाच वर्षं राहायचं, कसायचं, घर बांधायचं. आणि शेवटी दोन साक्षीदार आणायचे, आजूबाजूचे, ज्यांनी शपथेवर सांगायचं: होय, हा माणूस इथं राहिला, यानं ही जमीन कसली, आम्ही बघितलं.

दोन साक्षीदार. मी तिथंच थांबले.

"आई?" एकता म्हणाली. "पण ती लँड तर ओसेज आणि त्या सगळ्या लोकांची होती ना? आधी?"

"हो. सरकारनं त्यांच्याकडून हिसकावली आणि मग वाटली."

"मग हे ब्लॅक लोक गुड की बॅड?"

बिळात राहून, थंडीत मेलेली पोरं पुरून पाच वर्षं काढलेल्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. आणि ज्यांची जमीन गेली त्यांना हे ऐकवणारही नाही. "जिंकलो तर हा प्रश्न घालू," मी म्हणाले. "उत्तर कार्डावर न लिहिता."

पुढच्या पानावर एक फोटो होता. मातीच्या ढेकळांच्या भिंती, समोर एक बाई, दोन माणसं, एक पोर, कडक उन्हात डोळे बारीक केलेले. खाली लिहिलेलं, वसाहतकऱ्यांचं कुटुंब. नावं नाहीत. एवढं पुस्तक लिहिलं आणि बाईचं नाव नाही. माझं डोकं पुन्हा तापलं.

कॉन्डोच्या फाटकाशी काकांनी भाडं घेतलं आणि एकताला म्हणाले, "गो विन लाह, गर्ल."

पूलच्या कडेनं धावत आम्ही आलो. काचेतून बघते तर हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या हातात कप आणि कुणी पीत नव्हतं. मला वाटलं, निकाल लागला, काहीतरी झालं. दार ढकललं आणि माईकवरून आवाज आला. तो नरेशचा होता.

आधीचं मला नंतर जाईनं सांगितलं. म्हणे पहिली पंचवीस मिनिटं नरेश थर्मासशेजारी नुसताच उभा होता. लोक दुसरा कप भरायला येऊ लागले तसा तो घाबरला. मग शिरीष आला, आणि कप तोटीखाली धरता धरता त्यानं सवयीनं विचारलं, "काय मग, जालन्यात कुठं?" आणि नरेशनं सांगितलं. गावाचं नाव सांगितलं, वस्ती कुठल्या बाजूला ते सांगितलं, आणि मग प्रबोधच्या हातून माईक घेतला.

मी आत शिरले तेव्हा तो त्याच्या वडिलांबद्दल बोलत होता. हे मी पंधरा वर्षांच्या संसारात तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं, सलग कधीच नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी गावाबाहेरच्या गायरानावर साडेतीन एकर माळ धरला. नुसते दगड. पहारीनं उपसले. नरेश सात वर्षांचा होता तेव्हापासून घमेल्यानं दगड वाहायचा, त्या दगडांचा चारी बाजूंनी बांध झाला. ज्वारी आली. गावानं दोनदा पिकात गुरं सोडली. वडिलांनी दोनदा पुन्हा पेरलं. मग सरकारचा हुकूम आला की जुनं गायरान कसणाऱ्यांच्या नावावर होणार. पंचनामा करायला माणूस आला. कागद काय आहे, म्हणाला. कागद कुठला, बांध आहे, वडील म्हणाले. मग गावातले दोन पंच आणा, तो म्हणाला, सह्या करतील, हा सतरा वर्षं कसतोय म्हणून.

"एक धनगर म्हातारा आला," नरेश म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता, प्रयोगशाळेतला निकाल वाचावा तसा. "दुसरा आला नाही. वडील घरोघर गेले. दरवर्षी आमच्या रानात हुरडा व्हायचा, तेव्हा चाळीस-चाळीस माणसं यायची. तिथं शिवाशिव आड येत नव्हती, कणीस शेकोटीतून आपल्या हातानं काढायचं असतं ना. हुरडा खायला चाळीस. सही करायला एक. जमीन गेली. तिथं सरकारी झाडं लावली, ती वाळली. कुठंही छापलेलं नाही हे. माझ्याकडे पुस्तक नाही. म्हणून मी सांगत नसतो."

एकता माझ्या शेजारी दारात उभी होती. पुस्तक छातीशी धरलेलं. तिनं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझी चूक, आमची दोघांची चूक. कॅन्ससचे खड्डे तिला पाठ होते आणि आजोबांचा बांध माहीत नव्हता.

नरेशनं आम्हाला बघितलं आणि माईक खाली ठेवला.

मी जाऊन पुस्तक टेबलावर ठेवलं, पान उघडून. तेवढ्यात स्मिता थर्मासपाशी गेली. तिचेही डोळे ओले झाले होते, ते मी बघितलं, खोटं कशाला बोलू. पण एक वर्षाआड जिंकायची चटक लागलेली बाई ती. तिनं तोटी दाबली. एक थेंब आला आणि तोटी थांबली.

"सॉरी नंदा," ती म्हणाली. "गोष्ट वेगळी, नियम वेगळा. तोटी कोरडी आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. प्रबोध तोटीकडे आणि पुस्तकाकडे आलटून पालटून बघू लागला. नियम त्यानंच लिहिलेला. मी तोंड उघडणार होते, आणि जे बोलले असते ते छापण्यासारखं नव्हतं.

"नियमात तोटी कुठं आहे?"

नीता बोलली होती. आम्ही सगळे वळलो. ती हातातला फडका खांद्यावर टाकत पुढं आली. "चहा संपायच्या आत असं लिहिलंय. तोटी भांड्याच्या तळापासून चार बोटं वर बसवलेली आहे. तिच्या खालचा चहा कधी येतच नाही. चार वर्षं मी घरी नेऊन ओततेय तो. जाई, जरा धर गं इकडून."

जाईनं एक कान धरला, नीतानं दुसरा, आणि दोघींनी थर्मास पुढं कलवला. तोटीतून चहा आला. भरपूर. एक कप, दुसरा कप, तिसरा अर्धा. वाफ निघत होती.

"स्टिल गॉट," जाई आईला म्हणाली. "आय सॉ, ममा. तूपण बघ."

स्मितानं बघितलं. मग तिनं त्यातला एक कप उचलला, मला दिला आणि खाली बसली.

प्रबोधनं चष्मा लावून ते पान वाचलं. दोनदा. पुढचं उलटलं, तेही वाचलं. मग स्वतःचं कार्ड काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाला, आपण हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातून काढला नव्हता. लहानपणी बघितलेल्या काउबॉयच्या सिनेमांवरून काढला होता. त्यात कुणी काळं दिसलं नाही, म्हणून नसतील असं धरून चाललो. त्याला छापील पुरावा मागायचं कुणाला सुचलं नाही, त्याला स्वतःलाही नाही.

"म्हणजे पुरावा हरकत घेणाऱ्यानंच आणायचा," मी म्हणाले. "कार्डवाल्यानं नाही."

"हो," प्रबोध म्हणाला. "तसंच होतं आतापर्यंत." वाद घातला नाही त्यानं. त्याबद्दल त्याला माझ्याकडून पूर्ण गुण.

तर आम्ही जिंकलो. एका गुणानं. एकतानं उडी मारली, नरेशनं तिला उचललं, अकरा वर्षांच्या पोरीला उचलून त्याची कंबर धरली. टाळ्या पडल्या, कुणाच्या तरी कपातला चहा माझ्या साडीवर सांडला, मला काही वाटलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या टेबलाकडे वळलेल्या माना राज्यघटनेसाठी नव्हत्या.

एकताला मात्र धीर नव्हता. प्रश्न डिसेंबरपर्यंत द्यायचे असतात. तिनं तिथंच प्रबोधचं रेघ मारलेलं कार्ड मागून घेतलं, पालथं केलं आणि लिहायला बसली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, जीभ दातात धरून. लिहून झाल्यावर ते कार्ड तिनं प्रबोधच्या हातात दिलं. त्यानं माईकशिवायच वाचलं.

"जालना जिल्ह्यात एका माणसानं साडेतीन एकर माळ सतरा वर्षं कसला. हुरडा खायला चाळीस जण आले. सही करायला किती आले?"

प्रबोध कार्ड हातात धरून उभा. मग अवघडत म्हणाला, "एकता, प्रश्न उत्तम आहे. पण याला छापील..." आणि थांबला. स्वतःच थांबला.

"नाही छापील," नरेश म्हणाला.

"अंकल, कॅन्ससमध्ये प्रिंटेड लागत नव्हतं," एकता म्हणाली. "टू विटनेसेस. बुकात आहे. पेज दाखवू?"

"एक मी," नरेश म्हणाला. "दगड मी वाहिलेत."

मी म्हणणार होते, दुसरी मी. लग्न होऊन आले तेव्हा तो बांध मला सासूबाईंनी लांबून दाखवला होता. पण एकतानं मान हलवली. घरचे नाही चालत, ती म्हणाली, नेबर लागतात. पोरगी पुस्तक नीट वाचते, हा तिचा दोष म्हणा की गुण.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिरीष उठला होता. शिरीष एरवी मोठ्यानं बोलणारा, पाठीवर थाप मारणारा माणूस. आता तो हळूहळू, खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढं आला. नरेशच्या समोर उभा राहिला, पण नरेशकडे बघवेना त्याला. कार्डाकडे बघत बोलला.

"भोकरदनहून जालन्याला जाताना डाव्या हाताला. एसटीतून दिसायचा तो बांध. मी बारावीपर्यंत रोज बघितलाय. काळ्या दगडांचा, एका ठिकाणी बाभळ आहे. त्या गावात माझी आत्या दिली होती. मी दहा वर्षांचा असताना तिच्या घरच्यांबरोबर हुरड्याला गेलो होतो. कुणाचं रान ते तेव्हा विचारलं नाही. त्या चाळिसांत माझ्या आत्याच्या घरचे सात आणि आठवा मी."

मला गप्प बसता येत नाही हे या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात आलं, चोवीस वर्षं उशीर झाला, तुझ्या आत्याचा नवरा तेव्हा कुठं मेला होता. मी ते त्याला नंतर सांगितलं, तोंडावर. त्यानं ऐकून घेतलं. पण ते नंतर.

त्या वेळी एकतानं फक्त पेन पुढं केलं. शिरीषनं टेबलावर वाकून, उघड्या पुस्तकाच्या शेजारी कार्ड ठेवून, त्याच्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली गाव लिहिलं. त्याच्या वर नरेशनं लिहिलं. पूर्ण नाव, गाव, आणि गावातली वस्ती.

एकतानं कार्ड उचलून फुंकर मारली, शाई वाळायला.

"एक," ती मोजत म्हणाली. "दोन."